मेजर काय खातो

माणसानं एखादी वस्तू पुरेशा काळजीनं निवडायची ठरवली, तर ती वापरण्याची वेळ सहसा येत नाही. जगात जी काही शांतता शिल्लक आहे ती यामुळेच. सेव्हर्न नदीकाठच्या लोअर हॅम्पली मत्स्यगळ मंडळाला हे सत्य फार पूर्वी उमगलं होतं, आणि म्हणूनच त्या मंडळाच्या कारभारात स्थापनेपासून आजतागायत कोणी घाई केल्याचं ऐकिवात नाही.

इथल्या माशांत दोन वर्ग आहेत. सालमन आणि ट्राउट हे खानदानी मासे. ज्यांच्या आजोबांच्या नावावर नदी असते असे लोक ते पकडतात आणि लोण्यात परतून खातात. उरलेले सगळे मासे भरड. भरड माशाला भरड माणसानं पकडायचं, हात ओले करून हळुवार उचलायचं, त्याचं वजन करायचं, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि पुन्हा नदीत सोडून द्यायचं. खायचं नाही. (खाल्ल्याचं एकच उदाहरण मंडळाच्या इतिहासात आहे. त्या गृहस्थांशी अजून कोणी बोलत नाही. ते वारले आहेत, हे कारण दुय्यम.) थोडक्यात, या उद्योगात नदीतून काही कमी होत नाही आणि ताटात काही वाढत नाही. वाढतं ते फक्त माळ्यावरचं सामान.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नदीत गळ टाकायला कायद्यानं बंदी असते. माशांना अंडी घालायला निवांतपणा मिळावा, हा त्यामागचा उदात्त हेतू. पण खरा लाभ माणसांनाच होतो, कारण या तीन महिन्यांत त्यांना सामान आणि आमिष निवडता येतं. मंडळानं मागे केलेल्या पाहणीनुसार सभासदाच्या एकूण वेळेपैकी सत्तर टक्के वेळ निवडण्यात जातो, वीस टक्के निवडलेलं चुकलं असं वाटून बदलण्यात जातो आणि उरलेला दहा टक्के चहात. (गळ प्रत्यक्ष पाण्यात असतो तो वेळ चहात धरला आहे.)

ऑब्री पिंडर हा या मंडळाचा सगळ्यात जुना सभासद. नोकरीत असताना तो बसची वेळापत्रकं बनवायचा. कोणती बस कधी सुटली पाहिजे हे त्यानं हयातभर ठरवलं आणि ती तेव्हा का सुटली नाही याची पत्रं दुसऱ्यांनी वाचली. त्यामुळे तयारी आणि फळ या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असा हट्ट त्यानं कधी धरला नाही. त्याच्याकडे अकरा काठ्या होत्या. एक गढूळ पाण्याची, एक नितळ पाण्याची, एक पश्चिमेचा वारा असला तर, एक तोच वारा नुसता येईलसं वाटलं तर. अकरावी काठी, उरलेल्या दहा चुकीच्या निघाल्या तर, म्हणून होती. ती अजून कापडी म्यानातून बाहेर निघाली नव्हती, कारण दहाही चुकीच्या आहेत हे सिद्ध व्हायला अजून वेळ होता.

गळांचं शास्त्र याहून गहन आहे. गळाचा आकडा जितका मोठा तितका गळ लहान. हे ज्याला उफराटं वाटतं त्याला मंडळात घेत नाहीत. पाण्यावर उभी राहते ती तरंगी. तिच्यात मोरपिसाच्या दांडीची चांगली की लाकडी चांगली, या प्रश्नावरून मंडळातल्या दोन सख्ख्या भावांनी आईच्या अंत्यविधीला वेगवेगळ्या गाड्यांतून जाणं पसंत केलं. तरंगीच्या टोकाला लाल रंग असावा की पिवळा, यावर मात्र वाद नाही. तो माशाला दिसतच नाही, त्यामुळे त्या बाबतीत प्रत्येकजण आपल्या मताशी ठाम राहू शकतो.

आणि मग आमिष. आमिषात पहिला मान अळ्यांचा. अळ्या दुकानातून डब्यात जिवंत आणायच्या आणि गारव्याला ठेवायच्या, नाहीतर त्यांच्या माश्या होतात. घरात गारवा एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे ऑब्रीच्या बायकोच्या, थेल्माच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या वरचा कप्पा अळ्यांना दिलेला होता. काही अळ्यांना ऑब्री हळद लावत असे. हळद लागलेली अळी माशाच्या डोळ्यांत भरते, असं म्हणतात. (कोण म्हणतं, याची चौकशी झाली होती. सगळ्यांनी दुसऱ्याकडून ऐकलं होतं.) भांगेचं बी शिजवून घालायचं, मक्याचे दाणे घालायचे, चीज मळून घालायचं, आणि डब्यात मिळतं ते गुलाबी डुकराचं मांस चौकोनी कापून त्याला करी पावडर चोळायची. लोअर हॅम्पलीच्या नदीत आजवर जेवढी करी पावडर पडली तेवढी गावातल्या स्वयंपाकघरांत पडलेली नाही. गावकऱ्यांना तिखट सोसत नाही. माशांना सोसतं, अशी समजूत आहे.

हे सगळं चालायचं ते मेजरसाठी.

मेजर हा बार्बल जातीचा मासा. या जातीला तोंडापाशी चार मिशा असतात. त्यातली डावीकडची एक तुटलेली आणि शेपटीला खाच, यावरून तो ओळखू यायचा. नदीच्या वळणावर पाण्यावर झुकलेलं वाळुंजीचं झाड आहे, तिथे त्याचा मुक्काम. एवढा मोठा बार्बल बहुधा मादी असतो, असं एका जाणत्या पाहुण्यानं एकदा सांगितलं होतं. मंडळानं त्यांचे आभार मानले आणि मेजर मेजरच राहील असा ठराव केला. गावातल्या ‘मूरहेन’ पबच्या भिंतीवर मंडळातल्या प्रत्येकाचा मेजरला कवेत घेतलेला फोटो होता. सगळ्या फोटोंत माणसं हसत होती आणि मेजरच्या चेहऱ्यावर, पुन्हा तुम्हीच का, असा भाव होता.

प्रत्येकाचा, म्हणजे ऑब्री सोडून. ऑब्रीच्या नावाची चौकट भिंतीवर होती. ती हॉरेस बिडलनं फार वर्षांपूर्वी मोठ्या मनानं आधीच लावून ठेवली होती. आत फोटो नव्हता.

हॉरेस म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. शेकोटीजवळची हातांची खुर्ची अध्यक्षांची. यंदा हॉरेसच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यामुळे खुर्ची रिकामी होणार होती. मंडळाची रीत अशी, की ती सगळ्यात जुन्या सभासदाला मिळावी, मात्र त्यानं मेजरला निदान एकदा हातात धरलेलं असावं. ऑब्री सगळ्यात जुना. त्याच्या मागोमाग क्लाइव्ह रडॉक. तो घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या बसवून देतो, आणि मेजरला त्यानं तीनदा धरलं होतं. मंडळानं न्यायबुद्धीनं ठरवलं की ऑब्रीला ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारपर्यंत मुदत द्यावी. तोवर मेजरबरोबर फोटो आला तर खुर्ची त्याची, नाही आला तर क्लाइव्हची.

वरकरणी ऑब्री म्हणाला, की खुर्चीत काय आहे. पण ती खुर्ची त्याला हवी होती. फार हवी होती. आयुष्यभर त्यानं बसमधल्या इतरांच्या बसण्याची सोय केली होती, आणि शेकोटीजवळ एकदा आपणही बसावं असं त्याला वाटत होतं. यात हसण्यासारखं काही नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो आणि थेल्मा नदीकाठी फिरायला गेले. (बंदीच्या काळात फिरायला परवानगी आहे. हातात काठी नसावी. पाय दुखत असल्यास वैद्यकीय दाखला जवळ ठेवावा.) वाळुंजीखाली, उथळ पाण्यात, मेजर पोट वर करून पडलेला होता.

डावी मिशी नव्हती. शेपटीला खाच होती. ऑब्रीनं टोपी काढली. मग तो गुडघाभर पाण्यात उतरला, आणि मेजरला उचलण्याआधी त्यानं दोन्ही हात नीट भिजवून घेतले.

“आता हात कशाला ओले करतोस?” थेल्मानं काठावरून विचारलं. “कोरड्या हातानं त्याला काय व्हायचं राहिलंय?”

“पद्धत आहे.”

त्यानं मेजरला कवेत घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जड होता. म्हातारा होऊन मेला होता बिचारा, अंगावर कुठे जखम नव्हती. ऑब्रीला वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला आपला सासरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, हे थेल्मालाही दिसत होतं, आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, कारण तिचंही तसंच झालं होतं.

“पर्समध्ये कॅमेरा आहे माझ्या,” ती थोड्या वेळानं म्हणाली. “काढू का? आज तरी हा हलणार नाही.”

हे ती थट्टेत म्हणाली होती. ऑब्री त्यावर विचार करू लागला. त्यानं उजेड कुठून येतोय ते पाहिलं. मेजरचा डोळा कॅमेऱ्यात कसा दिसेल तेही पाहिलं. मग त्याची नजर मागच्या उतारावर गेली. उतारभर निळी घंटीफुलं फुलली होती. ती फुलतात फक्त वसंतात, म्हणजे बंदीच्या काळात. फोटोत ती आली असती तर कायदा मोडून मासा पकडल्याबद्दल ऑब्रीला मंडळातून काढून टाकलं असतं.

“फुलं नसती तर,” तो म्हणाला.

“ऑब्री, मी गंमत करत होते.”

“ठाऊक आहे. पण फुलं आहेतच.”

थेल्मा घरी जाऊन बागेतलं फावडं घेऊन आली. त्यांनी मेजरला वाळुंजीच्या मुळांशी पुरलं. खड्डा चांगला खोल खणला. वर पालापाचोळा सारखा केला. ऑब्रीला काही तरी म्हणावंसं वाटत होतं, पण माशासमोर बोलायची सवय नसल्यानं (ते पळून जातात) त्यानं नुसतीच मान लववली.

परत येताना तो म्हणाला, “हे कोणाला सांगायचं नाही.”

“का?”

“मेजर नाही म्हटल्यावर माझा फोटो नाही. फोटो नाही म्हणजे खुर्ची आजच रडॉकला.”

“आणि सांगितलं नाही तर?”

“तर मला ऑगस्टपर्यंत मुदत आहे.”

“कसली मुदत, ऑब्री?”

ऑब्रीनं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “पकडायची,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑब्री आमिष निवडायला गेला. यामागचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. सगळे निवडताहेत आणि आपण एकटेच निवडत नाही, असं दिसलं तर लोकांना शंका आली असती. तेव्हा निवडणं भाग होतं. बरं, निवडायचंच तर वरवर निवडून कसं चालेल? त्यातूनही शंका आली असती. म्हणून त्या वर्षी त्यानं पूर्वी कधी नव्हती इतकी कसून तयारी केली. मासा नव्हता, एवढी एक बाब सोडली तर तयारीत काही उणं नव्हतं.

गावात सामानाचं दुकान एकच, सेलविनचं. सेलविननं स्वतः कधी मासा पकडलेला नाही. ग्राहकाशी स्पर्धा करू नये, असं त्याचं तत्त्व. काउंटरवर त्या सकाळी काळपट लगद्याचे डबे रचून ठेवले होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी होती, ‘मेजरच्या खास पसंतीचं’.

“याला आधार काय?” ऑब्रीनं विचारलं.

“अजून त्याची तक्रार आलेली नाही,” सेलविन म्हणाला.

तेवढ्यात क्लाइव्ह रडॉक आला. त्यानं डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि आणखी दोन डबे बाजूला काढून ठेवले.

“काय ऑब्रीशेठ, यंदा तरी मेजरची भेट होणार का? का पुन्हा पत्ता चुकणार?”

“भेट झा—” ऑब्री म्हणाला, आणि खोकला. “होईल.”

“कालच पाहिला मी लेकाला. वाळुंजीखाली. नुसता गलेलठ्ठ झालाय.”

“काल?”

“काल संध्याकाळी. या डोळ्यांनी.”

“काय करत होता?”

“काही नाही रे. निवांत पडला होता.”

“हो,” ऑब्री म्हणाला. “निवांतच असणार.”

ऑब्रीला त्या क्षणी खरं सांगून टाकता आलं असतं. पण दुकानात आणखी चारपाच सभासद होते. एकजण करी पावडर कडक की मध्यम, यावर कपाळाला आठ्या घालून उभा होता. दुसरा एका तरंगीकडे असा बघत होता, जसा माणूस पाळण्यातल्या बाळाकडे बघतो. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि सगळे सुखात होते. ऑब्रीनं हळद घेतली आणि घरी गेला.

जूनच्या मध्याला हंगाम उघडला. पहाटे धुक्यात सगळे काठावर आपापल्या जागी बसले. मेजरच्या अनुपस्थितीमुळे कामकाजात कुठलाही अडथळा आला नाही. उलट, या ठिकाणी नमूद केलं पाहिजे की मंडळाची कामगिरी सुधारली. मेजर हयात होता तेव्हा वर्षातून दोनतीनदा गळाला लागायचा. यंदा जुलै संपेपर्यंत तो सात जणांच्या गळाला लागून ऐनवेळी निसटला. सातही जणांनी त्याला स्पष्ट पाहिलं. एकाला तर त्यानं वळून पाहिलं. सेलविननं तातडीनं जाड तंगूस मागवला, कारण मेजरला ओढायला पूर्वीचा दोरा पुरत नाही हे आता उघड झालं होतं. उरलेल्या सभासदांचा अनुभव असा, की आमिष जसंच्या तसं परत येतं. त्यावरून मेजर तोंड न लावता आमिषाची चव घ्यायला शिकला असावा, असं अनुमान निघालं. मंडळाच्या इतिहासात मेजर इतका सावध कधीच नव्हता, यावर एकमत झालं.

ऑब्री हे सगळं ऐकायचा आणि मान डोलवायचा. तो रोज वाळुंजीपाशीच बसायचा. जागा त्याला मुद्दाम मोकळी ठेवली होती, त्याच्या मुदतीचा मान राखून. आपल्या घडीच्या खुर्चीचे मागचे पाय तो अशा बेतानं ठेवायचा की ते मेजरच्या अंगावर येऊ नयेत.

जुलैतल्या एका संध्याकाळी त्याची तरंगी पाण्याखाली गेली. डुचमळली नाही, सरळ खाली गेली. ऑब्रीनं काठी उचलली. पलीकडे ओझं होतं, मोठं, संथ, म्हाताऱ्यासारखं हट्टी.   तो पुटपुटला, “ये बाबा, ये, सावकाश ये.” बऱ्याच वेळानं वर आली ती सायकलची ट्यूब, चिखलानं भरलेली.

घरी गेल्यावर थेल्मानं विचारलं, “इतका पांढराफटक का पडलायस?”

“काही नाही. मला वाटलं—”

“काय वाटलं?”

“काही नाही,” तो म्हणाला, आणि फ्रिज उघडून त्यानं अळ्यांना हळद नीट लागली आहे का ते पाहिलं.

 थेल्मानं लोणी उचलून खालच्या कप्प्यात ठेवलं.

ऑगस्टअखेरचा सोमवार आला. ‘मूरहेन’मध्ये मंडळाची सभा भरली. हॉरेस शेवटचा म्हणून त्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. थेल्मा ऑब्रीच्या शेजारी लेमोनेड घातलेल्या बिअरचा पेला घेऊन बसली होती. मुदत आज संपत होती आणि ऑब्रीची चौकट रिकामी होती, हे सगळ्यांना समोरच दिसत होतं.  हॉरेसनं हवापाण्याबद्दल चार शब्द उच्चारले. मग क्लाइव्ह रडॉक उठला.

“खुर्ची मला रीतीनं मिळतेच आहे,” तो म्हणाला. “पण ती नुसती रीतीनं मिळावी असं मला वाटत नव्हतं. म्हणून गेल्या गुरुवारी मी जरा मनावर घेतलं.”

त्यानं खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. फोटोत क्लाइव्ह होता, आणि त्याच्या हातात एक बार्बल.

“मेजर,” तो म्हणाला.

पबमध्ये सुस्कारा उमटला. फोटो हातोहात फिरला. मेजरची तब्येत उत्तम आहे, यावर सर्वांचं समाधान झालं. उलट थोडा तरुणच दिसतो, असं कोणी तरी म्हणालं. करीचा परिणाम, असं सेलविन म्हणाला. फोटो ऑब्रीपाशी आला. क्लाइव्हचा अंगठा माशाच्या डाव्या मिशीवर होता, आणि शेपूट फोटोच्या कडेबाहेर गेली होती. मासा देखणा होता, चांगला अंगापिंडाचा, आणि मेजरच्या निम्म्या वयाचा.

थेल्मानं टेबलाखालून ऑब्रीच्या पायाला पाय लावला.

“पिंडर,” हॉरेस हळू आवाजात म्हणाला, “तू आमच्यात जुना आहेस. पुढे जाण्याआधी तुला काही विचारायचं असेल तर विचार बाबा.”

ऑब्री उभा राहिला. त्याला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. वाळुंज पबच्या मागच्या बागेपलीकडे, हाकेच्या अंतरावर होती, आणि पबच्या मालकाकडे फावडं नक्कीच असणार. क्लाइव्ह खोटा पडला असता. खुर्ची त्याला मिळाली नसती. कदाचित सगळ्यांनी शरमेनं ऑब्रीलाच त्या खुर्चीत बसवलं असतं, कारण एका अर्थी त्यानं मेजरला हातात धरलं होतं, आणि तेही ओल्या हातांनी.

त्यानं सभोवार पाहिलं. ज्या सात जणांच्या गळातून मेजर निसटला होता ते सातही जण आपापल्या पेल्यात बघत होते. सेलविन खिडकीबाहेर बघत होता. हॉरेसचे म्हातारे डोळे भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोवर होते, त्यात त्याचे गुडघे अजून चांगले होते. क्लाइव्हच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शेकोटी पेटवलेली नव्हती, तरीही. इतकी शांतता ‘मूरहेन’मध्ये एरवी फक्त बंद असताना असते.

ऑब्रीनं घसा साफ केला.

“क्लाइव्ह,” तो म्हणाला, “कशावर घेतलास?”

सगळा पब एकदम सैल झाला. खुर्च्या पुढे सरकल्या. पेन्सिली बाहेर आल्या. हॉरेसनं ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला, आणि ते सातजण तर सगळ्यात पुढे आले. क्लाइव्हनं ओठावरचा घाम पुसला, ऑब्रीकडे क्षणभर पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून सांगितलं. आमिषाचं नाव सांगितलं, ते किती वेळ भिजवायचं ते सांगितलं, आणि त्याला काय लावायचं तेही सांगितलं. त्यानंतर तो अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसला. पण त्याकडे विशेष कोणाचं लक्ष नव्हतं. ऑब्रीचंही नव्हतं.

 घरी जाताना थेल्मा पुलावर थांबली.

“आपण त्याला पुरलाय, ऑब्री. मी फावडं आणलं होतं.”

“हो.”

“माती तू लोटलीस.”

“हो ना.”

“मग?”

ऑब्रीनं कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी काळंभोर, सावकाश जात होतं, आणि वाळुंजीखाली कुठे तरी बुडबुडा आल्यासारखं वाटलं.

“मी मक्यावर फार वेळ घालवला,” तो म्हणाला. “तिथेच माझं चुकलं.”

थेल्मानं त्याच्याकडे पाहिलं. तिला रागवायचं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे लग्नाआधी एकदा तिची बस चुकल्यावर, पुढची बस नसताना, पुढची बस येईल असं तिला सांगताना होतं. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि ती दोघं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सेलविनचं दुकान उघडण्याआधी दारात रांग होती. पहिला नंबर ऑब्रीचा. मागे ते सातजण, त्यांच्यामागे घोंगडीसकट हॉरेस. सगळ्यात शेवटी नवे अध्यक्ष क्लाइव्ह रडॉक स्वतः उभे होते. सभेत आपण नेमकं काय सांगितलं ते त्यांना नीटसं आठवत नव्हतं, पण इतके लोक घेताहेत त्या अर्थी त्यात काही तरी असणार, असं त्यांनी पुढच्याला सांगितलं.

ते आमिष कोणतं, हे इथे लिहायचं राहून गेलं. लिहिण्याची वास्तविक गरजही नाही. मेजर मे महिन्यातच मेला. त्याला पुरलं तेव्हा वाचकहो, तुम्ही तिथे हजर होतात. फावडं कोणी आणलं हेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तो काय खातो या प्रश्नाशी तुमचा काही संबंध उरायला नको. तरीही क्लाइव्हनं आवाज खाली आणला तेव्हा तुम्ही किंचित पुढे झुकलात, आणि तेव्हापासून प्रत्येक ओळीत त्या पदार्थाचं नाव शोधत इथवर आला आहात. यात लाजण्यासारखं काही नाही. दुकान साडेआठला उघडतं. अध्यक्षांच्या मागे उभे राहा.